अग्रलेखाला साक्षीदार लागत नाही

पुण्याच्या पत्रकारितेची आठवण निघाली की आपल्या तोंडी येतात ते अग्रलेख. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा १८९७ चा मथळा शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, आणि १९०८ च्या ‘देशाचे दुर्दैव’मुळे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली हेही. अग्रलेख म्हणजे पत्रकारिता, असं समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की त्याआधी या शहरात दुसऱ्याच जातीची पत्रकारिता उभी राहत होती, याचा विसर पडला. ती मत देत नव्हती. माणसं पाठवून, मोजून, विचारून, पडताळून सरकारच्या म्हणण्यासमोर दुसरी हकिगत ठेवत होती. साधारण १८७६ ते १८९७ ही तिची वीस-एकवीस वर्षं. ती का खुंटली? दडपशाहीमुळे, हे ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दडपशाही अग्रलेखावरही झाली, उलट अधिकच झाली, तरी अग्रलेख मेला नाही. शोध मागे पडला, कारण शोधाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला संरक्षण देण्याची तयारी ना सरकारची होती, ना सदाशिव पेठेसारख्या पेठांतल्या समाजाची.

सुरुवात दुष्काळापासून करायला हवी. १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस गेला. पुणे सार्वजनिक सभा तेव्हा सहा वर्षांची होती. २ एप्रिल १८७० ची तिची स्थापना. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, तिचे कर्ते. १८७१ मध्ये पुण्याला बदलून आलेले न्यायमूर्ती रानडे तिचं डोकं. सीताराम हरी चिपळूणकर तिच्या कागदपत्रांमागचा राबता हात. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं पाठवली, गावोगावचे वार्ताहर नेमले, आणि त्यांच्याकडून आलेली माहिती संगतवार लावून ती सरकारला एकामागून एक पत्रांनी कळवायला सुरुवात केली. कुठे पीक किती बुडालं, धान्याचा भाव काय, दुष्काळी काम किती कोसांवर, तिथे किती माणसं, मजुरी किती, कोण गाव सोडून गेलं, गुरांचं काय झालं, अशी ती माहिती. ही पत्रं वर्तमानपत्रांतून फिरली. वर्तमानपत्राचा मुख्य ऐवज असा प्रत्यक्ष गोळा केलेला असावा, ही कल्पना मराठी मुलखात इतक्या शिस्तीने त्याआधी कोणी राबवल्याचं दिसत नाही.

या पत्रांना धार आली ती एका वजनामुळे. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांच्या पाहणीसाठी पाठवलं. हेच टेंपल १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केला म्हणून बोलणी खाऊन बसले होते. आता काटकसर दाखवायची होती. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जुजबी पैसे, हे त्यांचं माप. पौंड म्हणजे एकोणचाळीस तोळ्यांच्या आतबाहेर. ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराने अर्धा शेरही भरत नाही. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची आणि मातीच्या पाट्या वाहायच्या. कैद्याला यापेक्षा जास्त शिधा मिळतो, ही तुलना त्या वादात वारंवार निघाली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकाच्या अंगाने या मापाला विरोध केला. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं टाकून निघून गेले, आणि सभेने त्यांची बाजू आकड्यांनिशी मांडली. मद्रासेत वृत्तपत्राचे संपादक असलेल्या विल्यम डिग्बी यांनी १८७८ मध्ये या दुष्काळ-मोहिमेचा दोन खंडी इतिहास लिहिला, त्यामुळे हा वाद विलायतेतल्या वाचकापुढेही गेला. पुढे रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, त्याचा अहवाल १८८० मध्ये आला, आणि त्यातून दुष्काळ निवारणाचे लेखी नियम तयार झाले. आयोगाच्याच अंदाजाने ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसं गेली होती. सभेच्या पत्रांमुळेच नियम आले असं म्हणणं अतिशयोक्त होईल. पण सरकारला आपल्या मापाचा खुलासा करावा लागला, आणि सभेचे आकडे बनावट आहेत असं म्हणून मोकळं होता आलं नाही.

का आलं नाही, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न. भूक उघड्यावर होती. खडीच्या ढिगाऱ्यापाशी शंभर माणसं बसलेली कोणालाही दिसत होती. धान्याचा भाव बाजारात विचारता येत होता. साक्ष देणाऱ्याने नाव सांगितलं काय आणि न सांगितलं काय, सरकारला खात्री करायची तर त्याच गावी दुसरा माणूस पाठवून करता येत होती. पुरावा एका तोंडावर अवलंबून नव्हता. तरीही या कामाची किंमत चुकवावी लागलीच. रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड आणि मे १८७९ मध्ये बुधवार वाडा व विश्रामबाग वाड्याला लागलेल्या आगी यांच्या धामधुमीत, त्यांना धुळ्याला धाडलं आणि त्यांचं टपाल फोडून वाचलं जाऊ लागलं. फडकेही सदाशिव पेठेतच राहणारे, लष्करी हिशेब खात्यातले कारकून. एकाच दुष्काळाने एकाच गावात एकाला तक्ते मांडायला लावलं आणि दुसऱ्याला हत्यार उचलायला. सरकारला दोघांत फार फरक करावासा वाटला नाही, हे मात्र टिपून ठेवण्याजोगं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. सभा स्वतःला ‘सार्वजनिक’ म्हणवत असली तरी तिचे वार्ताहर आणि पुढारी बहुतेक पांढरपेशे, त्यातही ब्राह्मण. जोतीराव फुल्यांनी तिच्यावर हाच ठपका ठेवला: शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे शेतकऱ्याला विचारतात कुठे? हा ठपका खरा आहे. म्हणून १८७७ ची दुसरी साक्ष शेजारी ठेवली पाहिजे. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेला कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केला. सत्यशोधक मंडळींनी दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्रं उघडली. आणि २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूरहून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. घरचं पत्र ते, पण त्यात दुष्काळाने गांजलेली गावं आहेत, मुलंबाळं घेऊन देशोधडीला लागलेली माणसं आहेत, सावकारांची कृत्यं आहेत, सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड आहे आणि त्यासाठी स्वतः कलेक्टरला जाऊन भेटल्याची हकिगत आहे. बाईने, जागेवर उभं राहून, स्वतःच्या नावाने दिलेली ही साक्ष. सभेच्या तक्त्यांत नसलेलं काही त्यात आहे: कोण कोणाला लुटतं हे. पण तेव्हाच्या कुठल्याही वर्तमानपत्राला ते पत्र बातमी वाटण्याची शक्यता नव्हती. कोणाची साक्ष मोजायची हे सरकारइतकंच पेठही ठरवत होती, याचा हा पहिला पुरावा.

पुढच्या टप्प्यावर शोध लोकांत न जाता कागदांत गेला, आणि तिथे ठेच लागली. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते. त्यांचा छळ होतो आहे आणि कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे, अशी कुजबुज होती. बर्व्यांच्या विरुद्ध जाणारी काही पत्रं संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्यावर विसंबून दोन्ही वर्तमानपत्रांनी तोफ डागली. बर्व्यांनी बदनामीचा खटला केला. पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची कैद झाली. त्याआधी जामिनाचे दहा हजार रुपये उभे केले ते फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी; जे पुढे एकमेकांवर तुटून पडले त्यांच्यातली ही सोयरीक आज आठवली तरी नवल वाटतं. डोंगरीच्या तुरुंगातल्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी नंतर पुस्तक लिहिलं.

या प्रकरणाचा शेवट सहसा इथेच होतो, पण खरा शेवट वर्षभराने आला. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथे शिवाजी महाराज मरण पावले. म्हणजे महाराजांच्या जिवाला धोका आहे, हा संशय अगदी पोकळ नव्हता. मग तुरुंगवास झाला तो अन्याय का? नाही. बर्व्यांवर केलेला आरोप त्या पत्रांवर उभा होता आणि ती पत्रं खोटी होती. महाराजांच्या मृत्यूने ती खरी होत नाहीत. पण याच घटनेतून दुसरंही दिसतं. ज्यांना खरं माहीत होतं ते महाराजांच्या पहाऱ्यावर होते, चाकरीत होते, आणि त्यांच्यातलं कोणी कोर्टात उभं राहणं शक्य नव्हतं. खऱ्या साक्षीदाराची वाट बंद असली की बनावट कागदाला गिऱ्हाईक मिळतं.

साक्षीदार उभा राहिला तर काय होतं, तेही पुण्याने लवकरच पाहिलं. मध्य भागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर १८८८ मध्ये लाचखोरीचे आरोप आले. मुंबईच्या मंडईला ज्यांचं नाव होतं तेच हे क्रॉफर्ड. बदली-बढतीसाठी मामलेदारांनी पैसे मोजले, हा आरोपाचा गाभा. देणाऱ्याने सांगितल्याशिवाय ते सिद्ध होणार नव्हतं, म्हणून सरकारने मामलेदारांना अभय दिलं: खरं सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. मामलेदारांनी सांगितलं. चौकशी आयोगाने क्रॉफर्डना लाचेच्या आरोपातून सोडलं आणि हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल दोषी धरलं. त्यांचे हस्तक हणमंतराव तुरुंगात गेले. आणि ज्यांनी अभयावर विसंबून तोंड उघडलं त्या मामलेदारांपैकी कित्येकांना, लाच दिल्याची कबुली तुम्हीच दिलीत म्हणून, नोकरीतून काढलं. टिळकांनी त्यांच्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात सभा घेतली, विलायतेत डिग्बी आणि पार्लमेंटचे सदस्य ब्रॅडलॉ यांच्यापर्यंत प्रकरण नेलं. लाच देणारे ते शेवटी लाच देणारेच, त्यांचा कळवळा कशाला, असं तेव्हाही म्हटलं गेलं, आणि त्यांच्यातले सगळे काही सोवळे नव्हते. पण प्रश्न त्यांच्या चारित्र्याचा नव्हताच. सरकारी अभयाची किंमत काय, हे इलाख्यातल्या प्रत्येक कारकुनाला आणि फौजदाराला त्या वर्षी कळलं. त्यानंतर कोणता मामलेदार संपादकाच्या वाड्यावर कागद घेऊन येणार होता?

ही सगळी पार्श्वभूमी मनात ठेवून १८९७ कडे पाहावं. तोवर टिळकांचं बिऱ्हाड सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यात होतं. कायद्याचे वर्ग, ‘केसरी’चं काम, गणपती, सगळं तिथेच. सार्वजनिक सभा १८९५ मध्ये त्यांच्या हाती आली होती, आणि रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली होती. १८९६ च्या दुष्काळात सभेने जुनीच रीत पुन्हा चालवली: माणसं पाठवा, नियम वाचून दाखवा, तक्रारी गोळा करा. या खेपेला सरकारने सभेशी पत्रव्यवहारच तोडला. १७ मार्च १८९७ ला सभेची मान्यता गेली. त्याच आठवड्यात पुण्यात प्लेगसाठी घरझडत्या चालू होत्या. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर रँड. झडतीला गोरे सोजीर.

झडतीत नेमकं काय होत होतं हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. गाठीचा प्लेग काखेत आणि जांघेत दिसतो. सोजीर वाड्यात शिरत, देवघर आणि स्वयंपाकघर धरून सगळ्या खोल्या उघडत, अंधाऱ्या माजघरातून माणसांना अंगणात बोलावत, आणि गाठ आहे का ते बघत. रोगी सापडला की रुग्णालयात आणि घरचे विलगीकरण छावणीत. अंथरुणं-पांघरुणं जाळत, घर चुन्याने धुऊन काढत. रोगाच्या हिशेबाने यातलं बरंचसं समर्थनीय होतं. टिळकांनीही विलगीकरणाची गरज नाकारली नाही. पुणं सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः शहरात राहिले आणि हिंदूंसाठी रुग्णालय उभं करण्यात पडले. तक्रार होती ती रीतीची. आणि या रीतीत बाईच्या अंगाला परक्या पुरुषाचा हात लागण्याची शक्यता झडतीच्या कामातच गुंतलेली होती. जिथे ती शक्यता होती तिथे अत्याचार झाला की नाही हे सांगू शकणारं माणूस एकच: ती बाई.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं येत होती. त्यांच्या आधाराने त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. हे छापून आलं २ जुलैला. दहा दिवस आधी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. रँड ३ जुलैला मरण पावले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप साफ नाकारला आणि गोखल्यांकडे नावं मागितली. गोखल्यांनी पुण्यात पत्रं लिहिली. उत्तर आलं: आमची नावं सांगू नका. जुलैअखेर ते मुंबईला उतरले तेव्हा पोलीस कमिशनर व्हिन्सेंट बोटीवरच गाठायला आले. रानडे आणि फिरोजशहा मेहता यांच्याशी बोलून गोखल्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि सोजीर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली, आणि ऑगस्टच्या आरंभी ती प्रसिद्ध झाली. त्या डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना बोलू देण्याचीही कोणाची तयारी नव्हती.

गोखल्यांना दोष देणं सोपं आहे. हजारो मैलांवरून, स्वतः काही न पाहता, परक्या वर्तमानपत्राला एवढा गंभीर आरोप द्यायला नको होता. हा दोष त्यांच्या पदरात घालावाच लागतो. पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापूर प्रकरणात झालं तेच पुन्हा झालं, फक्त या वेळी पत्रं बनावट नव्हती, लिहिणारे खरे होते. पण आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे घडलंच नाही, असं सरकारने मानलं आणि पुढे बऱ्याच चरित्रकारांनीही मानून टाकलं. चौकशी करणारं तेच सरकार, साक्ष घेणारे तेच पोलीस, आणि साक्ष द्यायची ती बाईने, नावगाव सांगून. सरकारचं सोडा. सदाशिव पेठेतल्या कोणत्या घराने त्या बाईला साक्षीनंतर पंक्तीला घेतलं असतं? कोणत्या घरातली सून माहेरी परत न धाडता ठेवली गेली असती? १८९१ च्या संमतिवयाच्या वादात बाईचं अंग आणि घराची अब्रू यांवर जो गदारोळ पेठांनी केला होता, आणि त्यात टिळक कोणत्या बाजूला होते, ते सगळ्यांना आठवत होतं. गोखल्यांना गप्प बसवलं ते सँडहर्स्टनी आणि पेठेने मिळून.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याची उलट बाजू दाखवतं. त्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये स्वतःच्या सहीने प्लेग रुग्णालयातल्या व्यवस्थेबद्दल, स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आणि आपल्या आश्रमातल्या एका मुलीच्या बाबतीत जे झालं त्याबद्दल लिहिलं. गव्हर्नरने तेही चूक आणि दिशाभूल करणारं ठरवलं. रमाबाईंनी माफी मागितली नाही. त्यांना ते शक्य झालं याचं एक कारण साधं आहे: पेठेने त्यांना आधीच वाळीत टाकलं होतं, पेठेला त्यांच्याकडून हिरावून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि नावनिशीवार लेखी तक्रार करणाऱ्या पुरुषाचं काय झालं? सरदार बाळासाहेब नातू झडत्यांच्या पथकांबरोबर स्वतः फिरत होते आणि त्यांनी प्लेग समितीकडे गाऱ्हाणी लेखी मांडली होती. जुलै १८९७ च्या अखेरीस त्यांना आणि त्यांचे बंधू तात्यासाहेब यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडलं. ना आरोपपत्र, ना खटला. तक्रारीमुळेच पकडलं असं कागदावर कुठे नाही. कागदावर कारणच नाही. पण ज्या आठवड्यात गोखल्यांना ‘नावं सांगा’ म्हणून खडसावलं जात होतं, त्याच आठवड्यात नाव सांगून बोललेला माणूस कोठडीत होता, हे पुण्यात कोणाच्या नजरेतून सुटलं असेल?

टिळकांवरचा राजद्रोहाचा खटलाही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २७ जुलैला अटक, सप्टेंबरात सुनावणी, न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची, नऊ जणांची ज्यूरी. सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले. अठरा महिने सक्तमजुरी. आरोप होता तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवाच्या हकिगतीवर आणि कवितेवर. मार्चपासून ‘केसरी’त प्लेगच्या जुलमाच्या बातम्या येत होत्या, त्यांच्यातल्या एकीवरही खटला नाही. त्यांवर खटला भरला असता तर बातमी खरी की खोटी याचा निवाडा करावा लागला असता, साक्षीदार बोलावावे लागले असते, रँड समितीचं दप्तर उघडावं लागलं असतं. अफझलखानाच्या वधावरच्या भाषणाला साक्षीदार लागत नाही. लेख वाचायचा आणि त्याचा अर्थ ठरवायचा. टिळकांनी माफी नाकारली आणि ते लोकमान्य झाले, ते योग्यच झालं. पण न्यायालयाने आणि लोकांनी मिळून त्या वर्षी एक गोष्ट ठरवून टाकली: लढाई मतावर होणार, माहितीवर नाही.

दुसऱ्या वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं कलम अधिक रुंद झालं, त्याच्या जोडीला नवी कलमं आली, आणि संपादकाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची सोय फौजदारी कायद्यात झाली. यांतल्या राजद्रोहाच्या आरोपापुढे ‘छापलेलं खरं आहे’ हा बचावच नव्हता. ज्या संपादकाने वार्ताहर पाठवून महिनाभर माहिती गोळा केली आणि ज्याने बसल्या जागी पल्लेदार लेख लिहिला, ते दोघे कायद्यापुढे सारखेच. मग वार्ताहराचा खर्च आणि साक्षीदाराचा जीव कोण धोक्यात घालील? पुढच्या दहा वर्षांतली पुण्याची नामांकित पत्रकारिता, ‘काळ’मधलं शिवराम महादेव परांजप्यांचं वक्रोक्तीचं लेखन धरून, सारी या दिशेने गेली. सूचक बोलणं, उपरोध, इतिहासातला दाखला. भाषेचं त्यात सोनं झालं, यात शंका नाही. बातमीचं काय झालं, ते कोणी फारसं विचारत नाही.

गोखले दुसऱ्या वाटेने गेले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी पहिलं अंदाजपत्रकी भाषण केलं: शिलकी अंदाजपत्रकं, मिठावरचा कर, लष्करी खर्च, शेतकऱ्याची ऐपत, सगळं आकड्यांनी. रानड्यांच्या हाताखाली सभेच्या त्रैमासिकात शिकलेली ती शिस्त होती, एवढं तर उघड आहे. पण त्या आकड्यांचा उगम पाहिला की पाच वर्षांपूर्वीची माफी त्यांच्या मनातून गेली नव्हती असं मला वाटतं. १८७७ मध्ये सभेने आकडे गावातून आणले होते. गोखल्यांचा जवळजवळ प्रत्येक आकडा सरकारच्याच छापील अहवालातला होता. वित्तमंत्र्याला उत्तर द्यावं लागलं, आणि ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं’ असं मात्र विचारता आलं नाही.